नाच म्हणजे शेवटी कामेच्छाच का?

शंकेखोर

नाच म्हणजे उभ्याने व्यक्त केलेली आडवी इच्छा, असं एक वाक्य बर्नार्ड शॉच्या नावावर वर्षानुवर्षं खपवलं जातं. शॉ खरंच असं म्हणाला का, ते सोडा. वाक्य चटपटीत आहे आणि चटपटीत वाक्यांना मालक नसला तरी भागतं.

माझा एक जुना मित्र या वाक्याचा कट्टर भक्त आहे. त्याचं म्हणणं सरळ आहे. मोर नाचतो तो लांडोरीसाठी, पोरं नाचतात ती पोरींसाठी, आणि शास्त्रीय नृत्य म्हणजे त्याच गोष्टीवर चढवलेला संस्कृतीचा मुलामा. बाकी सगळं आपण स्वतःची समजूत घालायला बोलतो.

मला यातलं अर्धं पटतं आणि अर्धं पटत नाही. नेमकं कुठलं अर्धं ते सांगता येत नाही, म्हणून हा धागा.

पटतं ते असं: डार्विनने 1871 सालीच लैंगिक निवडीवर लिहिताना संगीताचं आणि लयीचं मूळ प्रियाराधनात शोधलं होतं. जगभर तरुण-तरुणी एकमेकांना भेटण्याच्या ज्या जागा आहेत, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नाच असतोच. पडद्यावर प्रेम दाखवायचं झालं की दोघं नाचायला लागतात, यातही काहीतरी असणार.

पटत नाही ते असं: धड चालताही न येणारं मूल गाणं लागलं की कुल्ले हलवायला लागतं. त्याची कसली इच्छा? आणि दार बंद करून, आरशाकडेही न बघता एकटं नाचणाऱ्या माणसाचं काय?

जमल्यास कारणांसह लिहा. फ्रॉइडला, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी दबलेली कामेच्छा शोधणाऱ्या त्या मानसशास्त्रज्ञाला, आणायचं असेल तर पुराव्यासकट आणा, नुसता आणू नका.

बाकावरचा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. हा धागा शंभरी गाठणार.

पानगळ

तुमचा मित्र बरोबर आहे, फक्त तो देतो त्या कारणांमुळे नाही.

नाच ही महागडी गोष्ट आहे. शक्ती खर्च होते, दम लागतो, शिकाऱ्याच्या नजरेत यायचा धोका असतो, आणि हातात काही पडत नाही. प्राणिसृष्टीत असा निरर्थक दिसणारा खर्च जिथे जिथे आढळतो, तिथे बहुतेक वेळा जोडीदार मिळवणं हेच कारण निघतं. बर्ड ऑफ पॅरडाइजच्या नरांचे नाच बघा. काही जातींचे नर तर आधी जमिनीवरची पानं-काटक्या चोचीने उचलून रंगमंच साफ करतात आणि मग नाचतात.

माणसातही याचा माग लागतो. 2010 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी पुरुषांचा नाच चित्रित केला, त्याच्या बिनचेहऱ्याच्या संगणकीय आकृत्या केल्या आणि स्त्रियांना गुण द्यायला सांगितले. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसती हालचाल. मान आणि धड मोकळेपणाने, वेगवेगळ्या तऱ्हेने हलवणाऱ्यांना जास्त गुण पडले. उजव्या गुडघ्याचा वेगही त्यात होता, का ते विचारू नका. त्याआधी 2005 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जमैकातल्या तरुणांवरचा अभ्यास आला होता. ज्यांचं शरीर जास्त सममित (डावी-उजवी बाजू सारखी), त्यांचा नाच बघणाऱ्यांना जास्त आवडतो, असा निष्कर्ष होता.

आता एकट्याने नाचणाऱ्याबद्दल. नाचताना मनात इच्छा असायलाच हवी असं कुणी म्हणत नाही. भूक नसताना चवीसाठी खाणाऱ्यालाही जीभ मिळाली ती भुकेच्या सोयीसाठीच. क्षमता कशातून घडली हा एक प्रश्न आणि ती आज कशासाठी वापरली जाते हा दुसरा. तुमचा मित्र दोन्ही एकत्र करतो, आणि त्याला विरोध करणारेही तेच करतात.

कोरडेठाक

@पानगळ, शेवटचा परिच्छेद उत्तम. पण जमैकाचा तो पेपर कृपया जिथून आणला तिथे परत ठेवा.

‘नेचर’ने तो 2013 मध्ये मागे घेतला. त्याच्या लेखकांपैकीच एक, उत्क्रांतीशास्त्रातलं मोठं नाव असलेले रॉबर्ट ट्रिव्हर्स, यांना आपल्याच पेपरातल्या आकड्यांचा संशय आला. त्यांनी कित्येक वर्षं भांडून, स्वतः पुस्तिका लिहून ते प्रकरण लावून धरलं. ज्यांचा निष्कर्ष आहे त्यांनीच तो खोटा ठरवण्यासाठी जिवाचं रान करावं, हे विज्ञानात रोज घडत नाही. गंमत अशी की पेपर मागे गेला तरी त्याची बातमी मागे गेली नाही. नाच आणि सेक्स असं काहीही शोधा, जमैका अजून वर येतोच. लोकांना जे ऐकायचं असतं त्याला मरण नसतं.

गुडघ्याचा अभ्यास मागे घेतलेला नाही, पण मूठभर पुरुषांवरचा आहे. आणि गुण द्यायला स्त्रियांना बसवलं की उत्तरही त्याच चौकटीत येणार. तेच नाच आज्यांना, लहान मुलांना किंवा दुसऱ्या पुरुषांना दाखवले असते तर कुणाला गुण मिळाले असते? कदाचित त्याच पुरुषांना. मग निष्कर्ष एवढाच उरतो की चांगला नाच लोकांना आवडतो.

पक्ष्यांमधले सोयीचे तेवढे निवडू नका, एवढीच विनंती. क्रौंच कुळातले सगळे पक्षी नाचतात, सारसही. जोडी जमवताना नाचतात हे खरं. पण जोडी जमून वर्षं लोटलेलेही नाचतात, विणीचा हंगाम नसताना नाचतात, आणि वयात न आलेली पिल्लंही नाचतात.

मग तो स्नोबॉल नावाचा काकाकुवा. गाण्याचा वेग बदलला की हा आपली हालचाल त्याप्रमाणे बदलतो, हे 2009 मध्ये संशोधकांनी तपासलं. 2019 च्या अभ्यासात त्याच्या चौदा वेगवेगळ्या हालचाली नोंदवल्या गेल्या. त्यासाठी त्याला खाऊ मिळत नव्हता आणि समोर मादीही नव्हती. समोर होती ती त्याची माणसं.

मधमाश्यांचं सांगू का? पोळ्यात नाचून फुलांची दिशा आणि अंतर सांगणाऱ्या कामकरी माश्या मीलन करतच नाहीत.

पानगळ

जमैका गेला, ठीक. मधमाशी मात्र मी घेणार नाही. ती नकाशा काढते, त्याला नाच हे नाव आपण दिलं.

सारसाच्या पिल्लांचं उत्तर सोपं आहे: सराव. मांजराचं पिल्लू दोऱ्याच्या गुंडीवर झडप घालतं म्हणून झडपेचा शिकारीशी संबंध नाही, असं आपण म्हणत नाही. मॅनाकिन नावाच्या छोट्या पक्ष्यांच्या एका जातीत दोन नर मिळून मादीसमोर नाचतात. मीलन जवळजवळ सगळं मुख्य नराच्या वाट्याला येतं. दुय्यम नर वर्षानुवर्षं नुसती साथ करतो. वरवर बघणारा म्हणेल, याला तर काहीच मिळत नाही, म्हणजे हा निखळ कलावंत. प्रत्यक्षात तो जागा रिकामी व्हायची वाट बघत असतो.

बाकावरचा

दुय्यम नराबद्दल वाचून आमच्या ऑफिसची आठवण झाली. चालू द्या.

तत्कार

लहानपणापासून कथक शिकले, आता शिकवते. इथे सगळे बाहेरून बघून लिहीत आहेत, म्हणून आतून कसं असतं ते लिहिते.

नाचताना डोक्यात काय चालू असतं? मात्रा. वजन कुठल्या पायावर आहे. आवर्तन किती उरलं. तबलजीने अचानक लय वाढवली तर ठरवलेली तिहाई (तीनदा येणारा बोल) समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येईल की नाही. श्वास पुरेल का. डावा खांदा वर चढतोय का, कारण गुरूंनी त्याच्यासाठी हजारदा रागावलंय. तिहाई नेमकी समेवर पडली की अंगातून जो आनंद जातो तो मोठा असतो, शारीरिक असतो, आणि त्याचा कामेच्छेशी काडीचा संबंध मला कधी जाणवलेला नाही. शरीराला होणारा प्रत्येक आनंद एकाच खात्यात का जमा करायचा?

आता अभिनयाचं. ते वेगळं आहे आणि तिथे मी तुमच्या मित्राला निम्मं माप देईन. शृंगार हा आमच्या परंपरेत लाजत-लाजत आलेला पाहुणा नव्हे. नाट्यशास्त्राने रस मोजायला सुरुवातच त्याच्यापासून केली आहे. वाट बघणारी नायिका, रुसलेली, फसवली गेलेली, मीलनानंतरची. हे सगळं आम्ही करतो आणि यात देह नाही असं म्हणणं ढोंग ठरेल. यावरून विसाव्या शतकात मोठा वाद झालेला आहे. कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापन करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना भरतनाट्यमातला उघड शृंगार खटकायचा, त्यांचा भर भक्तीवर. देवदासी घराण्यातून आलेल्या बालसरस्वतींचं मत अगदी उलट. शृंगार हाच या नृत्याचा प्राण, तो शुद्ध करून घ्यायची गरजच नाही, कारण मुळात तो अशुद्ध नव्हता. मी स्वतः बालसरस्वतींच्या बाजूची.

पण त्याच नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात ऋषी भरताला एक प्रश्न विचारतात, तो इथे फार कामाचा आहे. अभिनय अर्थ पोचवण्यासाठी असतो हे समजलं. मग नृत्त, म्हणजे निव्वळ नाच, ज्यातून गीताचा अर्थही सांगितला जात नाही, तो कशासाठी केला? भरताचं उत्तर असं की नृत्ताला कुठल्या अर्थाची अपेक्षाच नाही, ते शोभा निर्माण करतं म्हणून आहे, आणि लोकांना ते स्वभावतःच आवडतं. विषय संपला. इतकं बिनधास्त उत्तर द्यायची हिंमत आपल्यात राहिली नाही. आपल्याला प्रत्येक गोष्टीच्या तळाशी दुसरी गोष्ट सापडायला हवी असते.

बाकावरचा

@तत्कार, एक बाळबोध प्रश्न. शृंगार करताना खरोखरच तसं काही वाटायला लागलं तर?

तत्कार

ताल चुकतो.

एकदोनतीन

:) हे सगळीकडे लागू आहे.

मी जोडीनृत्य करतो, आधी साल्सा, मग टँगो. ज्या नाचाला जग सर्वात ‘तसलं’ समजतं तोच. बाहेरून दिसतं ते: मिठी, मिटलेले डोळे, गालाला गाल. आतून असतं ते: पुढच्या जोडप्याचा पाय आपल्या टाचेखाली येतोय का, समोरच्या बाईंचं वजन बदललं का, आणि आपण जे सुचवलं ते त्यांना कळलं का. एका संध्याकाळी सात-आठ जणींबरोबर नाचतो. त्यात कुणी पंचविशीची, कुणी सत्तरीची. सत्तरीच्या बाईंबरोबरचा नाच कितीदा सर्वात सुंदर होतो, कारण त्यांना घाई नसते.

टँगोचा जन्म ब्वेनोस आइरेस आणि मॉन्टेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत, त्यामुळे कुंटणखान्यांच्या कथा त्याला कायमच्या चिकटल्या. त्या पूर्ण खोट्याही नाहीत. पण त्याच काळात पुरुष सरावासाठी पुरुषांबरोबर नाचायचे, आणि तो सराव चांगला गंभीरपणे चालायचा. तुमच्या मित्राने हे कुठल्या खात्यात टाकायचं ते ठरवावं.

आता प्रामाणिक भाग. कधीकधी आकर्षण वाटतं का? वाटतं. नाचातून जमलेली लग्नं आमच्या ओळखीत आहेत, मोडलेलीही आहेत. पण अनुभवी नाचणाऱ्याला एक फरक हमखास कळतो: समोरचा नाचासाठी जवळ आलाय की जवळ येण्यासाठी नाचतोय. दुसऱ्या प्रकारातला माणूस हाताच्या पहिल्या दाबात ओळखू येतो, आणि त्याच्याबरोबर पुढच्या वेळी कुणी नाचत नाही. नाच आणि ती इच्छा एकच असती तर हा फरक कळला कसा असता?

उघडाबोलतो

काय सभ्य मंडळी जमली आहेत! एकजण मात्रा मोजतेय, दुसरा टाच सांभाळतोय. सेक्स कुणाच्या गावीच नाही.

सत्तेला मात्र हे नेहमी कळलेलं आहे. वॉल्ट्झ इंग्लंडात आला तेव्हा 1816 मध्ये ‘द टाइम्स’ने त्याला असभ्य परदेशी नाच म्हणून झोडपला. आज तोच नाच आजी-आजोबांचा समजला जातो. 1913 मध्ये जर्मनीच्या कैसरने (सम्राटाने) लष्करी अधिकाऱ्यांना गणवेशात टँगो करायला बंदी घातली. 1957 च्या जानेवारीत एल्विस प्रेस्लीला अमेरिकन टीव्हीवर कमरेच्या वरच दाखवला. जपानने 1948 मध्ये नाचाच्या क्लबांना वेश्याव्यवसायाशी जोडून कायद्याखाली आणलं, आणि रात्री उशिरा नाचू द्यायला 2015 मध्ये कायदा बदलावा लागला. एवढे सगळे लोक उगाच घाबरले? धूर आहे तिथे आग असणारच की.

आणि ज्यांना नाचताना ‘तसं काही वाटत नाही’, त्यांची इच्छा दबलेली आहे इतकंच.

शंकेखोर

आलाच शेवटी फ्रॉइड, आणि पुराव्याशिवाय. इच्छा वाटली तर सिद्धांत खरा, नाही वाटली तर ती दबलेली म्हणून सिद्धांत आणखी खरा. मग तो खोटा ठरेल असं नेमकं काय घडायला हवं, ते एकदा सांगा.

कोरडेठाक

@उघडाबोलतो, बंद्यांची यादी चांगली आहे, पण तिच्यावरून घाबरणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं तेवढंच कळतं. आणि प्रत्येक वेळी तेही सेक्स नव्हतं. स्वीडनमध्ये सार्वजनिक नाच ठेवायला पोलिसांचा परवाना लागायचा, तो नियम 1 जुलै 2023 ला गेला. तिथली चिंता गर्दीची आणि सुव्यवस्थेची होती. पुष्कळ माणसं एका तालावर हलायला लागली की कुठलंही सरकार अस्वस्थ होतं.

उलट बाजूचं उदाहरण घ्या. शेकर्स नावाचा ख्रिस्ती पंथ. अॅन ली ही त्यांची पुढारी 1774 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आली. पंथाचा मुख्य नियम आजन्म ब्रह्मचर्य. आणि यांची उपासना कशी? नाचून. पुरुषांच्या रांगा एकीकडे, बायकांच्या दुसरीकडे, आणि घामाघूम होईपर्यंत नाच. मुलं होत नसल्यामुळे पंथ जवळपास संपला, पण नाच सोडला तो फार उशिरा.

उघडाबोलतो

हाहा! शेकर्स म्हणजे माझाच पुरावा. सगळं बंद केलं म्हणून नाचातून बाहेर पडलं.

कोरडेठाक

धागाकर्त्यांनी वर विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे.

मधली_सुट्टी

वाचनमात्र होते, पण आता राहवत नाही.

नाच सेक्शुअल आहे का, हा प्रश्न सगळ्यांना सारखा विचारला जात नाही, हे इथे कुणाच्या लक्षात आलंय का? मुलगा बेभान नाचला की तो मस्तीखोर. मुलगी त्याच गाण्यावर, त्याच पायऱ्या, तेवढ्याच जोरात नाचली की तिच्या नाचाला हेतू चिकटतो. लहान असताना मी कुठेही नाचायचे. मग एका वर्षी एका नातेवाईक बाईंनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आता जरा बेताने, लोक बघतात. माझं शरीर बदललं होतं, नाच तोच होता. त्यानंतर कित्येक वर्षं मी नाचताना स्वतःला बाहेरून बघत राहिले. नाच बिघडायला तेवढं पुरतं.

म्हणून मला या प्रश्नातच थोडी गफलत वाटते. इच्छा पुष्कळदा बघणाऱ्याकडे असते आणि तिचं बिल नाचणारीच्या नावावर फाडलं जातं. ‘ती नाचत होती, म्हणजे तिला हवंच होतं’ हे वाक्य कुठवर पोचतं, ते सांगायला नको. तुमच्या मित्राचा सिद्धांत गप्पांमध्ये गमतीचा असेल. आम्हाला तो फार महाग पडतो.

आणि याच्या उलटही बोलते, नाहीतर मला सोवळ्यात बसवाल. कधीकधी मी नाचते तेव्हा मला आकर्षक दिसायचं असतं. अगदी ठरवून. तो माझा नाच आणि माझी इच्छा. पण ते मी सांगणार, बघणारा नाही.

तत्कार

+१. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

एकदोनतीन

सहमत. वर मी ‘फरक कळतो’ म्हणालो, तो कळायची सगळ्यात जास्त गरज बायकांना पडते, आणि त्यांना तो पुरुषांपेक्षा कितीतरी आधी कळतो.

जुनी_कवायत

मी आयुष्यात कधी नाचलो नाही. निवृत्त आहे, गणवेशातली नोकरी होती. तरीही लिहितो, कारण माझा मुद्दा अजून कुणी मांडला नाही.

शे-दीडशे माणसं एका ठोक्यावर पाय आपटत चालली की काही वेळाने एक विचित्र गोष्ट होते. थकवा जाणवेनासा होतो. आपला पाय कुठला आणि शेजाऱ्याचा कुठला हे कळेनासं होतं. छाती फुगते. ज्या सोबत्याशी सकाळी भांडण झालं होतं तोही आपला वाटायला लागतो. कवायत लढाईत प्रत्यक्ष वापरायचे दिवस गेले, तरी कुठल्याही सैन्याने ती सोडलेली नाही. कारण मला वाटतं हेच.

विल्यम मॅकनील या इतिहासकाराने यावर 1995 मध्ये पुस्तक लिहिलं. ते स्वतः 1941 मध्ये अमेरिकन सैन्यात भरती झाले होते. टेक्सासमधल्या उन्हात तासन्‌तास निरर्थक कवायत करताना आपल्याला इतकं बरं का वाटायचं, हा प्रश्न त्यांच्या मनात अर्धं शतक राहिला. त्यांचं म्हणणं असं की कवायत आणि सामूहिक नाच या एकाच झाडाच्या फांद्या. एका तालात हललेली माणसं एकमेकांची होतात.

पुढे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या विद्यार्थ्यांना नाचवून हे तपासलं, 2015 साली. दमणूक होईल असा नाच, दमणूक न होणारा नाच, एका तालात आणि वेगवेगळ्या तालांत. नाचानंतर त्यांची वेदना सहन करायची क्षमता मोजली. दमल्याने ती वाढली, आणि नुसतं एका तालात हलल्यानेही वाढली. गटाबद्दलची जवळीकही तशीच वाढली.

यात स्त्री-पुरुष कुठे आले? आमच्या पलटणीत तर स्त्रिया नव्हत्याच.

पानगळ

@जुनी_कवायत, हा धाग्यातला सर्वात वजनदार आक्षेप आहे. समूह बांधणं हे नाचाचं एक मूळ असू शकतं हे मानायला मला अडचण नाही. दोन मुळं असू शकतात. पण मग नाच करणाऱ्याला समूहात जे स्थान मिळतं, त्याचा फायदा पुढे जोडीदार मिळवतानाही होतोच.

कोरडेठाक

तो फायदा चांगल्या शिकाऱ्याला, चांगल्या वक्त्याला आणि विहीर खणणाऱ्यालाही होतो. मग विहीर खणणं ही कामेच्छा?

मूळ धाग्यातल्या बाळाकडे येऊ. 2010 चा अभ्यास आहे, पाच महिने ते दोन वर्षांच्या बाळांवरचा. संगीत आणि नुसता ठोका यांवर बाळं माणसांच्या बोलण्यापेक्षा जास्त लयबद्ध हलतात, आणि त्यांची हालचाल संगीताशी जितकी जुळते तितकी ती जास्त हसतात. हे प्लेटोला ठाऊक होतं. ‘लॉज’ (कायदे) या ग्रंथात तो म्हणतो की कुठलंही लहान पोर शांत बसू शकत नाही, उड्या मारतं, ओरडतं. बाकी प्राण्यांना त्या गोंधळातली लय कळत नाही, माणसाला कळते. नाचाचं मूळ त्याने तिथे ठेवलं, बाळाच्या चुळबुळीत.

आता शेवटचं आणि मला सर्वात आवडणारं उदाहरण. पॅराग्वेमध्ये उत्तर आचे नावाचा समाज आहे, काही दशकांपूर्वीपर्यंत जंगलात शिकारीवर जगणारा. मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांच्यात वर्षानुवर्षं राहून केलेल्या नोंदींवरून 2025 मध्ये एक निबंध आला. या लोकांत नाच नाही. बाळाला झोपवायची गाणीही नाहीत. पूर्वी या गोष्टी होत्या आणि मधल्या काळात लोकसंख्या घटली, जुनी चाकोरी मोडली, तेव्हा त्या हरवल्या असाव्यात, असा संशोधकांचा कयास आहे. प्रेम, लग्नं, लफडी आणि मुलंबाळं मात्र चालूच राहिली.

नाच हा कामेच्छेचा थेट उद्गार असता तर इच्छा शाबूत असताना तो असा हरवला नसता. त्यांच्याबरोबर राहिलेल्या कुणालाही त्यांची इच्छा आटलेली दिसली नाही. आटली ती शिकवणाऱ्यांची साखळी.

शंकेखोर

@कोरडेठाक, हे माहीत नव्हतं. मित्राला पाठवलं. त्याचं उत्तर आलंय, जसंच्या तसं देतो: “बिचारे.”

पानगळ

आचेंच्या उदाहरणाने माझं म्हणणं पडत नाही, वळतं. नाच शिकावा लागतो एवढं त्यातून नक्की होतं. लय पकडायची क्षमता जन्मजात, आणि तिचं नाचात रूपांतर करणं ही परंपरा. मग परंपरा त्यात काय भरेल ते ती ठरवणार: कुठे प्रार्थना, कुठे युद्ध, कुठे प्रियाराधन. प्रियाराधन पुष्कळ ठिकाणी भरलं गेलं, याला मात्र काहीतरी कारण असणार, आणि ते कारण शरीरातच आहे यावर मी ठाम आहे. तरुण शरीर काय करू शकतं, ते नाचाइतकं उघड आणखी कशात दिसतं?

तत्कार

थकलेल्या शरीराचंही तितकंच उघड दिसतं. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतात, ब्रुकलिनमधल्या एका नृत्यसंस्थेत 2001 पासून चालू आहेत आणि तिथून ते बऱ्याच देशांत पसरले. ज्यांना चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो, त्यांना तालाचा आधार मिळाला की पाऊल सुटतं. मी एका अशा वर्गात मदतीला जाते. तिथे कुणी कुणाला रिझवत नसतं. एक पाऊल पडलं की सगळे टाळ्या वाजवतात.

उघडाबोलतो

बरं, म्हातारे, बाळं, शिपाई आणि साधू वगळले. उरलेल्यांच्या बाबतीत मी बरोबर आहे ना?

मधली_सुट्टी

उरलेल्यांना विचारून घ्या. एकेकाला.

आडोसा

नमस्कार, इथे पहिलाच प्रतिसाद. चर्चा फारच पुढे गेली आहे, माझा प्रश्न अगदी साधा आहे. वय पंचेचाळीस. जोडीनृत्य शिकायची खूप इच्छा आहे (नाचायचीच!). बायकोला हा धागा दाखवला, ती म्हणाली, “आधी त्या लोकांचं ठरू दे.” काय करावं?

एकदोनतीन

ठरायची वाट बघू नका, दोघं मिळून नाव घाला. नवशिक्यांच्या वर्गात दर थोड्या वेळाने जोडीदार बदलतात, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे पहिल्या दिवशी धक्का बसणार नाही. तुम्हाला नको असेल तर बहुतेक शिक्षक जोडी कायम ठेवू देतात, पण बदलल्याने लवकर येतं. रबरी तळाचे बूट घालू नका, वळताना गुडघा धरतो. नखं कापा. तीव्र अत्तर नको.

पहिले काही महिने तुम्ही फक्त स्वतःच्या पायांकडे बघाल आणि समोरची व्यक्ती मनातल्या मनात आकडे मोजत असेल. वहिनींना सांगा, एवढ्या वेळात आकर्षण निर्माण करून दाखवणारा आमच्याकडे अजून कुणी भेटलेला नाही.

आणि एक जादा शर्ट बरोबर ठेवा. पहिल्या अर्ध्या तासातच लागतो.